४०० मीटरांची बिनतारी जोडणी: टीपी-लिंक सीपीई ५१० ची जोडी तीन पावसाळ्यांनंतर

आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि त्याचे कार्यालय वडिलांच्या काळापासून घराच्या पडवीत चालत आले आहे. घर चढणीवर, तर कारखाना खाली मळ्याच्या पलीकडे. दोहोंच्या मध्ये भाताचे कुणगे, एक व्हाळ (ओढा) आणि ग्रामपंचायतीचा रस्ता आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ४०० मीटर भरते. घरी १०० मेगाबिटची फायबर जोडणी आहे, परंतु कारखाना खोलगट जागेत असल्यामुळे तेथे मोबाइलची रेंजसुद्धा धड मिळत नाही. मार्च ते मे या हंगामात शेतकरी काजूबी घेऊन येतात, काट्यावर वजन होते, पावती कागदावर लिहिली जाते आणि रात्री ती पावतीपुस्तके घरी आणून एकेक नोंद संगणकात चढवावी लागते, अशी आमची अनेक वर्षांची रीत होती. रात्री ऐंशी-नव्वद पावत्या चढवताना एखादा आकडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यापुढे मान खाली घालावी लागे, आणि वर्षभर बाग राखून बी आणणाऱ्या माणसाच्या हिशेबात चूक होणे मला कधीच सहन झाले नाही. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये टीपी-लिंक कंपनीच्या सीपीई ५१० या यंत्राची जोडी बसवून मी घर आणि कारखाना बिनतारी जोडले. त्यानंतर तीन पावसाळे गेले. कोकणात उघड्यावर बसवलेल्या वस्तूविषयी त्याआधी मत देणे मला योग्य वाटले नसते.

सीपीई ५१० हे वीतभर उंचीचे, पांढऱ्या प्लॅस्टिकचे, खांबाला उभे बांधायचे यंत्र आहे. घरातला राउटर आपला संदेश चहूबाजूंना पसरवतो. हे यंत्र तो एका दिशेला एकवटते. त्याच्या आतच १३ डीबीआय क्षमतेचा अँटेना आहे (अँटेना संदेश किती एकवटतो त्याचे हे माप) आणि ते ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. एक यंत्र घराच्या बाजूला आणि दुसरे कारखान्याच्या बाजूला, दोघांची तोंडे समोरासमोर, अशी रचना केली की मधल्या हवेतून एक अदृश्य लॅन केबल टाकल्यासारखे होते. कारखान्यातला संगणक, छपाईयंत्र, सहा कॅमेरे आणि वजनकाट्याला जोडलेला संगणक हे सारे घरच्याच जाळ्याचा भाग बनतात. विजेसाठी वेगळी तार वर न्यावी लागत नाही, कारण यंत्रासोबत येणारा २४ व्होल्टचा अडॅप्टर लॅन केबलमधूनच वीज पाठवतो.

हा मार्ग निवडण्यापूर्वी इतर मार्गांचा विचार मी केला होता आणि त्यातील एका मार्गावर पैसेही घालवले होते. तांब्याची लॅन केबल १०० मीटरच्या पुढे नेता येत नाही, आणि जरी ती नेता आली असती तरी दोन स्वतंत्र अर्थिंग असलेल्या इमारती तांब्याच्या तारेने जोडणे विजेच्या दृष्टीने धोक्याचे असते; एका ठिकाणी पडलेला विजेचा लोळ दुसऱ्या ठिकाणची यंत्रेही घेऊन जातो. फायबर हा सर्वांत भक्कम उपाय, यात मला आजही शंका नाही. ज्यांच्या दोन्ही इमारती एकाच कुंपणात आहेत आणि चर खणायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यांनी हे परीक्षण बाजूला ठेवून सरळ फायबर टाकावे. आमच्या वाटेत मात्र रस्ता, व्हाळ आणि तीन जणांची शेते होती. केबल खांबांवरून न्यावी, तर गवताच्या उंच गाड्या आणि चिऱ्यांचे डंपर त्या रस्त्यावरून जातात. तालुक्याच्या बाजारातील एका दुकानदाराने मग मला वाय-फायची रेंज वाढवणारी दोन घरगुती यंत्रे दिली आणि काम होईल अशी खात्री दिली. ती यंत्रे एका घराच्या चार खोल्यांसाठी बनवलेली होती. मळ्याच्या निम्म्या वाटेवरच त्यांचा संदेश संपला आणि दुकानदाराने ती परत घेतली नाहीत. दुकानात गेल्यावर ‘रेंज वाढवायची आहे’ असे न म्हणता ‘दोन इमारतींमध्ये पॉइंट टू पॉइंट जोडणी करायची आहे’ असे स्पष्ट सांगावे, हे मी तेव्हा शिकलो.

यंत्रे विकत घेण्याआधी करायचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दृष्टिरेषा तपासणे, आणि यात बहुतेक जण एक चूक करतात. घराच्या माळ्यावरून कारखान्याचे छप्पर डोळ्यांना दिसले म्हणजे काम झाले, असे त्यांना वाटते. रेडिओ लहरी दोन यंत्रांमधून सुतासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. त्या जाण्यासाठी मृदंगाच्या आकाराची जागा लागते, जी दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्यावर फुगलेली असते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ४०० मीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झसाठी या मृदंगाची मध्यावरची त्रिज्या सुमारे २.३ मीटर येते, आणि त्यातील किमान ६० टक्के भाग, म्हणजे मध्यरेषेच्या सर्व बाजूंना साधारण १.४ मीटर जागा, पूर्ण मोकळी असावी लागते. हेच अंतर २.४ गिगाहर्ट्झवर गाठायचे ठरवले असते तर मध्यावरची त्रिज्या साडेतीन मीटरपर्यंत गेली असती; ५ गिगाहर्ट्झचे यंत्र घेण्यामागे हे एक कारण होते. दुसरे कारण असे की वाडीतल्या प्रत्येक घरचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतो आणि त्या गर्दीत आपली जोडणी टाकण्यात अर्थ नव्हता.

आमच्या रेषेच्या बरोबर मध्यावर, व्हाळाच्या काठी, शेजारच्या काकींचे दोन माड आणि एक जुना रायवळ आंबा उभा आहे. माळ्यावरून पाहताना कारखान्याचे पत्रे माडांच्या मधून स्वच्छ दिसत होते, पण वर सांगितलेला हिशेब मांडल्यावर असे लक्षात आले की झावळ्यांची टोके त्या मृदंगात शिरत आहेत. त्यामुळे घराकडचे यंत्र माळ्यावर न बसवता चिऱ्याच्या भिंतीला दोन इंची जीआय पाइप बांधून छपराच्या आढ्यापेक्षा दोन मीटर वर नेले, आणि कारखान्याकडे शेडच्या लोखंडी कैचीला पाइप जोडून पत्र्यापासून तीन मीटर उंची घेतली. कौलांवर किंवा नुसत्या वाशावर पाइप कधीही उभारू नये. पावसाळी वाऱ्यात पाइप बोटभर जरी हलत राहिला तरी संदेश वर-खाली होतो, आणि कौल एकदा सरकले की घरात गळती सुरू होते ती वेगळीच. पाइपाला तीन बाजूंनी ताणतार द्यावी. समुद्र आमच्यापासून जवळ असल्याने क्लॅम्प आणि नटबोल्ट मी स्टेनलेस स्टीलचेच घेतले. साध्या लोखंडी क्लॅम्पचे या खाऱ्या हवेत दोन वर्षांत काय होते ते टीव्हीच्या जुन्या छत्रीवर आम्ही पाहिलेले आहे.

ही जोडणी किती बळकट असेल याचा अंदाज यंत्र हातात येण्यापूर्वीच काढता येतो, आणि ही गोष्ट मला फार आवडली. ५.८ गिगाहर्ट्झचा संदेश मोकळ्या हवेतून ४०० मीटर गेला की त्याचे सुमारे १०० डेसिबल एवढे क्षीणन होते. यंत्राची प्रक्षेपण शक्ती २० डीबीएम (डीबीएम हे संदेशाच्या शक्तीचे माप) ठेवली, दोन्ही टोकांच्या अँटेनांचे १३ अधिक १३ मिळवले आणि त्यातून हे १०० वजा केले, तर उत्तर उणे ५४ डीबीएम येते. शून्याच्या जितके जवळ तितका संदेश चांगला. उणे ६५ पर्यंत काम उत्तम चालते, आणि उणे ७५ च्या खाली गेल्यावर वेग घसरू लागतो. पहिल्या दिवशी यंत्रे नुसत्या नजरेने समोरासमोर धरली तेव्हा आकडा उणे ६८ दाखवत होता. मग मी कारखान्याच्या शेडवर आणि पुतण्या घराच्या छपरावर असे उभे राहिलो, एकाने यंत्र स्थिर धरायचे आणि दुसऱ्याने आपले यंत्र अंशाअंशाने फिरवायचे, आधी आडवे आणि मग वर-खाली. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या यंत्राच्या मांडणीत अँटेना जुळवण्यासाठी वेगळे पान आहे, त्यात संदेशाचा आकडा चालू असतानाच बदलताना दिसतो. पाऊण तासात तो उणे ५७ वर आला आणि तेथेच आम्ही बोल्ट आवळले. हिशेबापेक्षा तीन डेसिबल कमी मिळणे अगदी समाधानकारक आहे. हिशेबापेक्षा दहा-पंधरा डेसिबलांची तूट दिसत असेल, तर मात्र यंत्राला दोष देण्याआधी वाटेत काय आडवे येत आहे ते पाहावे.

केबलच्या बाबतीत काटकसर करू नये. बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी, शिल्डेड केबल घ्यावी आणि ती यंत्रात शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूला एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन खाली गळते आणि यंत्राच्या तोंडाशी पोहोचत नाही. आमच्याकडे काम केलेल्या वायरमनने कारखान्याच्या बाजूला हा झोळ दिला नव्हता. २०२३ च्या जुलैमध्ये जोडणी वारंवार तुटू लागली. यंत्राचे खालचे झाकण सरकवून पाहिले तर प्लगच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर धरला होता. प्लग कापून नवा लावला, केबलला झोळ दिला, झाकण नीट बसवले आणि तेव्हापासून तेथे पाणी आलेले नाही. यंत्राने ते सहन केले, परंतु तो दोष यंत्राचा नव्हताच.

यंत्रांची मांडणी करणे संगणकाची बेताची माहिती असलेल्या माणसालाही जमते. केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.२५४ हा पत्ता उघडला की मांडणीचे पान येते. घराकडचे यंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट (जोडणी देणारे) आणि कारखान्याकडचे क्लायंट (जोडणी घेणारे) असे ठरवायचे, दोघांना वेगवेगळे स्थिर पत्ते द्यायचे, डब्ल्यूडीएस चालू करायचे म्हणजे पलीकडची प्रत्येक वस्तू स्वतःच्या ओळखीने अलीकडे दिसते, डब्ल्यूपीए २ या सुरक्षापद्धतीचा लांब परवलीचा शब्द घालायचा आणि मांडणीच्या पानाचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलायचा. हे शेवटचे काम अनेक ठिकाणी राहून जाते. दोन्ही यंत्रांवर एकच पत्ता राहिला तर ती एकमेकांना ओळखेनाशी होतात, म्हणून ती खांबावर चढवण्यापूर्वी घरातल्या टेबलावर समोरासमोर ठेवून सर्व मांडणी पूर्ण करावी आणि मगच वर न्यावीत.

माझा वेळ सर्वांत जास्त गेला तो एका वेगळ्याच गोष्टीत. कारखान्यातल्या कामगारांना आणि येणाऱ्या शेतकऱ्यांना वाय-फाय मिळावे म्हणून मी घरातला जुना राउटर तेथे लावला होता आणि तोही नव्या येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला पत्ते वाटत होता. एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोन झाले. कधी संगणक घरच्या राउटरकडून पत्ता घेई आणि सर्व सुरळीत चाले. कधी तो कारखान्याच्या राउटरकडून घेई आणि इंटरनेट बंद पडे. चार दिवस मी छपरावर चढून अँटेना हलवत होतो, आणि संदेश तर उणे ५७ वर शांत होता. शेवटी कारखान्याच्या राउटरमधली पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद केली आणि त्याला केवळ वाय-फाय देण्यापुरते ठेवले, तेव्हा प्रश्न सुटला. जोडणीत काही बिघडले की आधी संदेशाचा आकडा पाहावा. तो ठीक असेल तर शिडी आणण्याचे कारण नाही.

आता वेगाविषयी. खोक्यावर ३०० एमबीपीएस असे छापलेले आहे आणि तो आकडा खोटा नाही, पण तो वापरणाऱ्याच्या कामाचाही नाही. हा हवेतला कमाल वेग आहे. दोन्ही यंत्रे एकाच वाहिनीवर आळीपाळीने बोलतात, एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावे लागते, आणि त्यातला बराच वेळ ही आळीपाळी सांभाळण्यातच जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्राचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, त्यामुळे हवेत काहीही घडले तरी केबलमधून प्रत्यक्ष ९४ च्या पुढे जाता येत नाही. ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी ठेवल्यावर मला एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल पाठवताना ९० ते ९४ मिळाले. २० मेगाहर्ट्झवर तोच वेग ७५ ते ८० झाला. मी २० मेगाहर्ट्झच ठेवले आहे, कारण अरुंद वाहिनीवर गोंगाट कमी येतो, संदेशाला अधिक सवड मिळते आणि पावसाळ्यात ही सवडच उपयोगी पडते. सहा कॅमेऱ्यांना मिळून १५ ते २० एमबीपीएस लागतात. बिलाची नोंद, ई-वे बिल आणि व्हिडिओ कॉल यांसाठी उरलेला वेग पुरून उरतो. संदेश जाऊन परत येण्याचा वेळ दोन ते चार मिलिसेकंद राहतो, त्यामुळे घरच्या संगणकावरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर कारखान्यात उघडताना दोन्ही संगणक एकाच खोलीत असल्यासारखे वाटते. ज्यांच्याकडे ३०० मेगाबिटची जोडणी आहे आणि ती पूर्ण पलीकडे न्यायची आहे, त्यांनी हे यंत्र घेऊ नये.

परवान्याची शंका अनेकांनी मला विचारली. दूरसंचार विभागाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतक्या लहरी ठरावीक शक्तीच्या मर्यादेत घराबाहेरही परवान्याशिवाय वापरता येऊ लागल्या, त्यामुळे अशा जोडणीसाठी आपल्याला वेगळा परवाना काढावा लागत नाही. मी ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा वरचा भाग वापरतो, कारण घरगुती राउटर बहुधा खालच्या भागात असतात. यंत्राच्या मांडणीत देश म्हणून भारतच निवडावा. दुसऱ्या देशाचे नाव घालून शक्ती वाढवण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. ४०० मीटरसाठी त्याची गरज नाही, आणि नियम मोडून शेजाऱ्याच्या जोडणीत गोंगाट करणे मला पटत नाही.

ज्या प्रश्नासाठी तीन वर्षे थांबलो त्याकडे आता येतो: कोकणातल्या पावसात ही जोडणी टिकते का? टिकते. धो-धो पावसात, समोरचा मळा दिसेनासा झालेला असतानाही, आकडा उणे ५७ वरून उणे ५८ किंवा ५९ वर जातो, त्यापलीकडे जात नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना एवढ्या अंतरात पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. अडवते ते झाड. पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्यास, एके दिवशी सकाळपासून आकडा उणे ७४ वर गेला, कॅमेऱ्यांची चित्रे अडखळू लागली आणि वारा आला की जोडणी तुटू लागली. वारा पडला की पुन्हा जुळे. मी दुर्बीण घेऊन आढ्याजवळ बसलो. व्हाळाकाठच्या आंब्याची एक फांदी वर्षभरात वाढून आणि पावसाने जड होऊन माडाच्या बुंध्याकडे कलली होती, आणि माडाची दोन चुडते (झावळ्या) वाऱ्याबरोबर रेषेत येत-जात होती. ओले पान लहरींच्या दृष्टीने पाण्याचा पडदाच असते; कोरड्या दिवशी जी फांदी दोन-तीन डेसिबल खाते, ती भिजल्यावर दहा-पंधरा डेसिबल सहज खाते.

काकींकडे जाऊन मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “चुडता काय ती काढ, पण शेंड्याक हात लावू नको हां.” माडाचा शेंडा दुखावला की माड जातो, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तेव्हापासून असे ठरले आहे की नारळ पाडायला पाडेली येईल त्या दिवशी मी घराच्या छपरावरून हात करून दाखवायचे आणि त्याने तेवढीच चुडते उतरवायची. त्याची त्या दिवसाची मजुरी मी देतो. आंब्याची फांदी काकींच्या संमतीने छाटली आणि तिच्या जळणाची मोळी त्यांच्याच पडवीत पोहोचवली. जोडणी दुसऱ्याच्या जमिनीवरून जात असेल, तर ती जमीन राखणाऱ्या माणसाशी आपले बोलणे चांगले असले पाहिजे. कोणत्याही अँटेनाची क्षमता त्याची जागा घेऊ शकत नाही. नारळी-पोफळीच्या बागांतून जोडणी नेणाऱ्यांनी पाइपाची उंची ठरवताना झाडांची पुढच्या पाच वर्षांची वाढ धरावी आणि यंत्रे शक्यतो ऑक्टोबरच्या आधी, झाडी पूर्ण भरलेली असताना जुळवावीत. माझी जोडणी पाऊस सरल्यानंतर, कोरड्या दिवसांत जुळवली गेली आणि म्हणूनच पहिल्या ऑगस्टमध्ये ती अडचण पुढे आली.

विजेचा विषय पावसापेक्षा गंभीर आहे. आमच्याकडे गडगडाट असतो तो मुख्यतः मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. छपरावर उभा केलेला लोखंडी पाइप हे विजेला दिलेले आमंत्रणच असल्याने दोन्ही पाइपांना स्वतंत्र जाड तार देऊन अर्थिंगशी जोडले आहे, आणि केबल घरात शिरते तेथे लॅनसाठीचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला दाब अर्थिंगकडे वळवणारे खोके, बसवला आहे. त्याचीही अर्थिंगची तार न जोडता नुसते खोके मध्ये घालून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचा काहीही उपयोग नाही. २०२४ च्या मे महिन्यात जवळच्या एका माडावर वीज पडली तेव्हा कारखान्यातल्या नेटवर्क स्विचचे (लॅन केबली एकत्र जोडणाऱ्या खोक्याचे) दोन पोर्ट जळाले, ते कॅमेऱ्यांच्या तारांकडून. सीपीई ५१० चालू राहिले आणि घरच्या कोणत्याही वस्तूला धक्का लागला नाही, कारण दोन इमारतींच्या मध्ये तांबे नव्हते. तरीही आकाश काळवंडले की कारखान्यातला माणूस अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवतो, आणि हा नियम आम्ही मोडत नाही.

वीजपुरवठ्याविषयी एक सूचना केली पाहिजे. राउटरसाठी बाजारात मिळणारे छोटे यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि या यंत्राला २४ व्होल्ट लागतात, त्यामुळे वीज गेल्यावर राउटर चालू आणि जोडणी बंद अशी स्थिती येते. यंत्र जास्तीत जास्त दहा-अकरा वॅट घेते. ते इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावणे हा सरळ उपाय आहे. अडॅप्टरवर दोन छिद्रे असतात, त्यातले वीज देणारे छिद्र चुकून लॅपटॉपला जोडू नये.

खर्च सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच असतो. दोन यंत्रे मला त्या वेळी सुमारे ८,००० रुपयांना पडली. पाइप, स्टेनलेसचे क्लॅम्प, शिल्डेड केबल, सर्ज प्रोटेक्टर, अर्थिंग आणि मजुरी मिळून ११,००० च्या आसपास गेले. यंत्रांपेक्षा त्यांच्या भोवतालच्या कामाला जास्त पैसे लागतात, आणि ते लागायलाच हवेत. पहिल्याच हंगामात पावत्या काट्यापाशीच संगणकात जाऊ लागल्या, शेतकऱ्याच्या हाती छापील पावती पडू लागली आणि रात्रीचे दोन तास वाचले.

दुसऱ्या कोणत्या यंत्रांचा विचार करावा, तर १०० मेगाबिटच्या पुढे जायचे असल्यास त्याच कंपनीचे सीपीई ७१० आणि युबिक्विटीचे लाइटबीम ५ एसी जेन २ ही दोन्ही २३ डीबीआयची आहेत आणि दोहोंना गिगाबिटचा पोर्ट आहे. अँटेना अधिक एकवटलेला असल्यामुळे दोन-चार किलोमीटरच्या अंतरासाठी ती योग्य ठरतात, मात्र जुळवणे अधिक काटेकोरपणे करावे लागते आणि पाइप जराही हलून चालत नाही. शहरात समोरासमोरच्या दोन इमारतींमध्ये, शे-दीडशे मीटरवर, पूर्ण गिगाबिट हवा असेल तर मायक्रोटिकचे वायरलेस वायर हे ६० गिगाहर्ट्झचे संच पाहावेत. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांना जेथे ५ गिगाहर्ट्झची गर्दी सोसत नाही तेथे त्यांचा खरा उपयोग आहे. परंतु त्या लहरींना हवेतला ऑक्सिजनही शोषतो आणि पाऊसही अडवतो, म्हणून आमच्या मळ्यावर ४०० मीटरसाठी मी ते लावणार नाही. येथे सीपीई ५१० चा साधेपणाच कामाला आला. त्याचा झोत पुरेसा रुंद असल्याने सोसाट्याच्या वाऱ्यात पाइप किंचित हलला तरी जोडणी सुटत नाही.

यंदाच्या नवरात्रानंतर मी पुन्हा दोन्ही टोकांचे बोल्ट तपासले, केबलचे झोळ पाहिले आणि प्लॅस्टिकवर साचलेले शेवाळ ओल्या फडक्याने पुसले. प्लॅस्टिक थोडे पिवळट झाले आहे, त्याला तडा मात्र गेलेला नाही. आकडा उणे ५८ आहे. पाडेली पुढच्या आठवड्यात येणार आहे. पूर्वेकडच्या माडाचे एक चुडत पुन्हा रेषेच्या जवळ आले आहे, तेवढे त्याला दाखवायचे आहे.